धानाचा हंगाम आणि अंगणवाडीचे वेळापत्रक

बालशिक्षणशास्त्रात ‘खेळातून शिक्षण’ या नावाने जी पद्धत ओळखली जाते, तिच्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलाने पाटीपुढे मांडी घालून बसावे अशी अपेक्षा नसते, तर त्याने ओतावे, रचावे, मोडावे, पुन्हा रचावे आणि या सर्व काळात अखंड बोलत राहावे अशी असते; म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी ज्या कृत्यांबद्दल त्याला एरवी धपाटा घालतात, ती जवळजवळ सर्व या पद्धतीने अभ्यासक्रमात घेतली आहेत. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे मुलांच्या हाती चेंडू आणि लाकडी ठोकळे दिले, मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले आणि त्यांच्या पद्धतीत दाणे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात न सांडता ओतणे हा रीतसर पाठ ठरला. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवरील इटियाडोह धरणाच्या परिसरात, हा पाठ कोणत्याही बालगृहाच्या आधीपासून चालत आला आहे. फरक एवढाच की तेथे दाणे धानाचे असतात, भांडे पायलीचे असते आणि सांडले तर आजी ओरडते.

महागड्या साधनांवाचून बालशिक्षण होऊ शकते, हे महाराष्ट्रात ठामपणे सिद्ध करण्याचे श्रेय ताराबाई मोडक यांच्याकडे जाते. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कामातून त्या १९४५ मध्ये बोर्डीला पोहोचल्या आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा विचार त्यांनी तेथे प्रत्यक्षात आणला आणि आयात केलेल्या साधनांच्या जागी पाने, बिया, शंखशिंपले व खडे वापरले. ताराबाईंचे निधन १९७३ मध्ये झाले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी अंगणवाड्या चालविणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. या योजनेत पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा येतात. यांपैकी खेळ फक्त शेवटच्या सेवेत बसतो, तरी मुलांचे मत विचारात घेतल्यास उरलेल्या पाच सेवा या खेळात येणारे व्यत्यय होत, आणि वजनकाट्याच्या झोळीत बसवलेले मूल हे मत पुरेशा मोठ्या आवाजात नोंदवीत असते.

बालशिक्षणाच्या आराखड्यांमध्ये ऋतुमानाप्रमाणे उपक्रम घ्यावेत अशी सूचना आढळते आणि ती योग्यच आहे. परंतु इटियाडोहच्या लाभक्षेत्रात, म्हणजे धरणाचे पाणी ज्या जमिनींना मिळते त्या पट्ट्यात, ऋतू कोणता हे भिंतीवरील तक्त्यापेक्षा बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, काय चालले आहे यावरून अधिक अचूक समजते. पावसाळ्यात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटून चिखलणी केलेल्या बांधीत लावण्याच्या कामास रोवणी म्हणतात, आणि ती सुरू झाली की गावातील बहुतेक स्त्रिया सकाळीच शेतात गेलेल्या असल्यामुळे लहान मुलांना सांभाळणारी आजी तरी उरते किंवा अंगणवाडी ताई तरी. अशा वेळी कागदावर ‘पाऊस’ हा विषय असतो, ताई छत्रीचे चित्र दाखवितात, आणि मुले दाराबाहेरील डबक्यात गवताच्या काड्या ओळीने खोचून, कमरेत वाकून, मागे मागे सरकत रोवणी करीत असतात. या एका कृतीत सूक्ष्म स्नायूंचा विकास, एकास एक संगती, अंतराचा अंदाज आणि अनुकरणात्मक खेळ ही चारही उद्दिष्टे साध्य होतात. पाचवे उद्दिष्ट, म्हणजे स्वच्छतेची सवय, त्याच कृतीत पूर्णपणे बुडते. त्यातही मजुरीचा दर ठरविणारी एक चार वर्षांची मुकादमीण या चिखलात हटकून सापडते, आणि तिच्या भाषाविकासाची चिंता करण्याचे कारण कोणत्याही तज्ज्ञाला उरत नाही.

पाण्याच्या बाबतीत झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग प्रसिद्ध आहे: पसरट भांड्यातील पाणी मुलासमोरच उंच, अरुंद भांड्यात ओतले, तर पाच वर्षांच्या आतील मूल सहसा उंच भांड्यात पाणी जास्त आहे असे सांगते, कारण राशी तीच राहते ही जाण त्याला अद्याप आलेली नसते. इटियाडोह परिसरात या प्रयोगाचा विस्तार प्रौढांपर्यंत करता येईल. धरण तुडुंब भरून सांडव्यावरून पाणी कोसळू लागले की दूरदूरची मोठी माणसे त्याखाली उभी राहून जो आरडाओरडा करतात त्यास पर्यटन म्हणतात, आणि अंगणवाडीच्या नळाखाली तेच करणाऱ्या मुलांस वात्रट म्हणतात. या वर्गीकरणामागील शास्त्रीय आधार कोणत्याही ग्रंथात सापडत नाही.

श्रावण संपता संपता येणारा तान्हा पोळा हा विदर्भाच्या बालशिक्षणातील सर्वांत परिपूर्ण उपक्रम म्हणावा लागेल. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाके लावलेले लाकडी नंदी सजवून तोरणाखाली आणतात आणि नंतर ते दोरीने ओढीत घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळवितात. अंगणवाडीत हा सण भरला की नंदीच्या शिंगांना बेगड लावणे ही हस्तकला होते, त्याची दोरी दुसऱ्याच्या नंदीत अडकणे हे समस्या-निराकरण होते, तो गुंता कोणी केला यावरून होणारी मारामारी हा सामाजिक-भावनिक विकास होतो, आणि बोजाऱ्याची नाणी मोजणे हे गणित होते. हे गणित मूल कोणत्याही तक्त्याशिवाय शिकते, मात्र त्यातील वजाबाकी त्याला संध्याकाळी आई शिकविते, कारण जमा झालेली रक्कम ‘सांभाळून ठेवण्यासाठी’ तिच्याकडे जाते.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या या धानाच्या व झाडीच्या मुलुखात, मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि त्या निमित्ताने रात्रभर नाटक चालते. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत जी मुले येतात ती झोपलेली तरी असतात किंवा खलनायकाचे संवाद म्हणत तरी. भूमिकाभिनय या घटकासाठी वेगळी तयारी करावी लागत नाही. फक्त नायक व्हायला कोणी तयार नसतो.

उन्हाळ्यात मोहफुले पडू लागली की पहाटे आईबरोबर टोपली घेऊन गेलेली मुले रंग, वास, मोजणी आणि वर्गीकरण उरकूनच अंगणवाडीत येतात; तेथे त्यांना पिवळा रंग ओळखण्यास सांगितले जाते आणि ती सौजन्याने ओळखतात. तरीही पालकांची तक्रार ठरलेली असते, की मूल नुसते खेळते, लिहीत काहीच नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा काळ हा एकच पायाभूत टप्पा मानून त्यात खेळाला मध्यवर्ती स्थान दिले, पण तालुक्याच्या गावी टाय बांधून इंग्रजी मुळाक्षरे घोकणारा शेजाऱ्याचा मुलगा हा धोरणापेक्षा अधिक प्रभावी दस्तऐवज ठरतो. टायचा एकच शैक्षणिक उपयोग आढळून येतो: नाक पुसायला ती हाताशी असते.

या परिसरातील अंगणवाडीला काही भेट देण्याची इच्छा ज्यांना होईल, त्यांनी प्लास्टिकची घसरगुंडी पाठवू नये, कारण वैशाखातील विदर्भाच्या उन्हात तिच्यावर बसण्याचे धाडस मूल दुसऱ्यांदा करीत नाही. त्याऐवजी झाकण आणि तोटी असलेली पाण्याची टाकी, साबण, दोन सुपे आणि एक जुनी पायली द्यावी. आणि रोवणीच्या दिवसांत मूल चिखलाने माखून घरी आले, तर त्याच्या आईने ताईंशी भांडायला जाण्यापूर्वी स्वतःच्या पायांकडे एकदा पाहावे.