पारायणेसाहेब

आमच्या मार्केटिंग हेडचं खरं आडनाव वेगळं आहे. पण डिस्पॅचच्या पोरांनी एकदा ‘पारायणे’ म्हटलं आणि ते चिकटलं. आता मालकांच्याही तोंडून तेच निघतं. कंपनी म्हणजे पुण्याच्या कडेला एक पत्र्याची शेड. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी, मेतकूट आणि गोडा मसाला. मी हिशेबाला. बाजारातून माल परत आला की क्रेडिट नोट फाडायची ती मी. मार्केटिंगमधले मोठमोठे ग्रंथ मला ठाऊक झाले ते याच वाटेने.

सोमवारी सकाळी साहेब येतात तेव्हा हातात डबा आणि काखेत नवं पुस्तक असतं, मुखपृष्ठ बाहेरून दिसेल असं धरलेलं. आठवडाभर कंपनीवर त्या पुस्तकाचं राज्य. फळ्यावरचे बाण बदलतात, मीटिंगची भाषा बदलते, सेल्समनच्या कपाळावरच्या आठ्या तेवढ्या त्याच राहतात. शनिवारी पुस्तक कपाटात जातं. त्यातली बरीच मी चाळली आहेत. पहिलं प्रकरण पिवळ्या हायलायटरने असं माखलेलं, की पानाला हळद लागलीय असं वाटावं. दुसऱ्यात ओळ सोडून ओळ. तिसऱ्यात एखादं वाक्य, तेही अर्धवट. मग कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका खूण म्हणून घातलेली, आणि तिथून शेवटपर्यंत पानं इतकी करकरीत, की बोट कापावं.

सेथ गोडिन यांच्या ‘पर्पल काऊ’चा (२००३) आठवडा चांगला आठवतो. मुद्दा तसा सरळ आहे. रस्त्याकडेला गाईच गाई चरताना दिसल्या की थोड्या वेळाने आपण बघेनासे होतो. एखादी जांभळी दिसली तर मात्र गाडी थांबवू. आपला माल तसा असावा. गोडाऊनमध्ये दोन दिवस हे ‘गोडिनशेठ’ कुठली पार्टी आणि त्यांच्याकडून येणं किती, याची चौकशी चालू होती. साहेबांनी मेतकुटाचं पाऊच जांभळं केलं. दुकानदारांनी ते उदबत्तीशेजारी लावलं. मऊभातावर मेतकूट घेणारं माणूस त्यासाठी उदबत्तीची फळी धुंडाळत नाही. माल परत. क्रेडिट नोट.

मग किम आणि मोबोर्न यांचं ‘ब्लू ओशन स्ट्रॅटेजी’ (२००५). मारामारीने लाल झालेल्या समुद्रात पोहू नका, जिथे स्पर्धकच नाही असं निळं पाणी शोधा. साहेबांनी नकाशा पसरला आणि बोट ठेवलं थेट कोल्हापूरवर. “तिथे गोड्या मसाल्याला एकही स्पर्धक नाही!” टेबलाभोवतीच्या सगळ्यांना कारण माहीत होतं, पण नोकरी प्रत्येकालाच प्यारी असते. कांदा-लसूण मसाल्याच्या गावी गोड्या मसाल्याच्या चाळीस पेट्या गेल्या आणि अडतीस परत आल्या. उरलेल्या दोन डिस्ट्रिब्युटरने उंच फळीवरचा माल काढताना पाय ठेवायला ठेवून घेतल्या, असं ड्रायव्हर म्हणाला. समुद्र निळा होता खरा. त्यात मासाच नव्हता.

राइस आणि ट्राउट यांचं ‘पोझिशनिंग’ (१९८१) त्या मानाने स्वस्तात पडलं. गाड्या भाड्याने देणाऱ्या एव्हिसने साठच्या दशकात ‘आम्ही दोन नंबरचे, म्हणून जास्त राबतो’ अशा अर्थाची जाहिरात केली होती, ती साहेबांनी मालकांना रंगवून सांगितली. मालक शांतपणे म्हणाले, “पारायणे, आपण नवव्या नंबरवर आहोत. तेवढं राबायला माणसं कुठून आणू?”

साहेबांचा खरा जीव मात्र जिम कॉलिन्स यांच्या ‘गुड टू ग्रेट’वर (२००१). १,४३५ कंपन्या तपासून त्यातल्या अकरा निवडल्या आणि त्या मोठ्या कशा झाल्या ते सांगितलं. आधी योग्य माणसं बसमध्ये घ्या, मग बस कुठे न्यायची ते ठरवा, हे साहेबांचं आवडतं वाक्य. ते ऐकलं की आमचा प्यून, जो रोज बसने येतो, हळूच म्हणतो, “आधी बस तर येऊ दे.”

ते पुस्तक मी एका रविवारी घरी नेऊन पूर्ण वाचलं. त्या अकरा कंपन्यांचं पुढे काय झालं ते फोनवर शोधलं, आणि सोमवारी साहेबांना गाठलं.

“साहेब, यातल्या फॅनी मेला सप्टेंबर २००८मध्ये सरकारला ताब्यात घ्यावं लागलं. सर्किट सिटी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली, २००९मध्ये तिची दुकानं बंद झाली.”

साहेबांनी चष्मा काढला. “अहो, तुम्ही पुस्तक शेवटपर्यंत वाचलंत?” त्यांना धक्का बसला तो याचा. कंपन्या बुडाल्याचं दुःख मिनिटभरही टिकलं नाही, कारण मोठ्या कंपन्या का कोसळतात यावरही त्याच लेखकाचं २००९चं पुस्तक निघालं. साहेबांनी ते तिथल्या तिथे मागवलं.

शंभरी गाठलेल्या आजोबांना गुपित विचारावं तर ते चंची पुढे करतात. तंबाखूपायी साठीत गेलेले काही सांगायला येत नाहीत. यशाची पुस्तकं वाचताना मला ती चंची दिसते. हे मी साहेबांना बोललो नाही. त्यांनी त्यावरही पुस्तक मागवलं असतं.

पण साहेबांचं श्रेय त्यांना द्यायला हवं. क्लेटन ख्रिस्टेन्सन यांच्या २००३च्या पुस्तकात मिल्कशेकची एक गोष्ट आहे. अमेरिकेतल्या एका फास्ट फूड साखळीला मिल्कशेकचा खप वाढवायचा होता. एक माणूस दिवसभर दुकानात उभा राहून नुसती गिऱ्हाइकं बघत बसला. जवळजवळ निम्मे मिल्कशेक भल्या सकाळी जात होते, गाडीने एकट्याने कामावर निघालेल्यांच्या हातात. लांबच्या कंटाळवाण्या रस्त्यावर हाताला आणि पोटाला काहीतरी हवं, आणि दाट मिल्कशेक नळीने पुरवून पुरवून ओढता येतो. माणूस वस्तू घेतो ती कुठल्यातरी कामाला लावायला, एवढाच मुद्दा.

या वेळी साहेबांनी फळ्यावर बाण काढले नाहीत. मंगळवारी ते डिलिव्हरीच्या टेम्पोत बसून सदाशिव पेठेत गेले आणि एका किराणा दुकानात स्टुलावर बसले. दुकानदारशेठने त्यांना फुकट बसू दिलं नाही, साखरेच्या पुड्या बांधायला लावल्या. सकाळी आमच्या चटणीला कोणी हात लावला नाही. दुपारीही नाही. रात्री आठनंतर पोरं यायला लागली, एमपीएससीची. एका हातात मेसचा डबा, दुसऱ्या हाताने चटणीचं पाकीट. एकाने विचारलं, “काका, यात लहान नाही का? मोठं नेलं की रूममेट संपवतात. उरलंच, तर मुंग्या.”

साहेब नोंदवही विसरले होते. त्यांनी हे सगळं पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने लिहिलं. नंतर ते पुस्तक मी पाहिलं. पत्रिका तिसऱ्या प्रकरणातच होती; पण मागच्या पानांवर वेळा होत्या, पाच-पाचाचे जुडगे होते, ‘मेसची भाजी पाणचट’ असं अधोरेखित होतं आणि एक तेलाचा डाग होता. त्यांच्या कपाटातलं शेवटचं पान वापरलेलं हे एकच पुस्तक.

मेतकूट पुन्हा पिवळ्या पाऊचमध्ये गेलं. शेंगदाण्याच्या चटणीचं दहा रुपयांचं, एका डब्यापुरतं पाकीट निघालं. मालकांनी जाहिरातीचा खर्च विचारला. साहेब म्हणाले, “मेसवाले करतायत की रोज.” त्या बीटवरून गेले चार महिने एक पेटी परत आलेली नाही. पेठेतला सेल्समन हल्ली साहेबांना त्यांच्या खऱ्या आडनावाने हाक मारतो.

परवा सोमवारी साहेब आले. काखेत सायमन सिनेक यांचं ‘स्टार्ट विथ व्हाय’ होतं, मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला. फळा पुसून झाला होता आणि त्यावर मधोमध एक मोठा गोल काढला जात होता. मी स्टेशनरीवाल्याला फोन लावला आणि क्रेडिट नोटांची दोन नवी पुस्तकं पाठवायला सांगितली.