हंस, बेडूक आणि कोमट पाणी

मुहूर्त नसलेल्या शनिवार-रविवारी पुण्यात मंगल कार्यालयं जरा स्वस्तात मिळतात. म्हणून ‘समग्र आरोग्य चाचण्या व उपचार’ शिकायला आम्ही डॉक्टर मंडळी जमलो, तेव्हा स्टेजवर वधूवरांच्या लाल खुर्च्या तशाच होत्या. एकीवर प्रशिक्षक, दुसरीवर त्यांचं यंत्र. जोडा शोभत होता.

सुरुवात नाडीपासून. वाताची नाडी साप-जळवेसारखी, पित्ताची बेडूक-कावळ्यासारखी आणि कफाची हंस-पारव्यासारखी चालते, असं आयुर्वेदाचार्य शार्ङ्गधरांनी सांगून ठेवलंय. वैद्यांनी माझ्या मनगटावर तीन बोटं टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाले, “बेडूक.” शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचा हंस निघाला. ते मग चहाच्या रांगेतही मान उंच करून उभे.

नंतर बुबुळं. 19व्या शतकात हंगेरीतल्या पेत्सेली नावाच्या डॉक्टरला पाय मोडलेल्या घुबडाच्या बुबुळात काळी रेघ दिसली म्हणे. तेवढ्यावर त्याने माणसाचं अख्खं शरीर बुबुळात बसवलं. मग स्नायूंची परीक्षा, 1964 सालची, अमेरिकेतल्या जॉर्ज गुडहार्ट यांची. एका तळहातावर साखरेची पुडी, दुसरा हात आडवा. तो दाबल्यावर खाली गेला की साखर बाधते. उपम्याला उशीर झालेला, सगळ्यांचेच हात पडत होते. बाहेरच्या टेबलावर विकायला ठेवलेली गोळ्यांची बाटली हातात दिली, की मात्र ताठ!

खरी गर्दी पायांच्या टबाशी. कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचे, यंत्र लावायचं, आणि थोड्या वेळात पाणी विटकरी. “ही तुमच्या शरीरातली विषं!” सभागृह हळहळलं. मागून रसायनशास्त्राच्या निवृत्त बाई म्हणाल्या, “सर, एकदा पाय न घालता चालवा की.”

चालवलं. पाणी विटकरीच. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की यंत्राच्या लोखंडी पट्ट्या झिजतात आणि गंज पाण्यात उतरतो. शाळेच्या प्रयोगवहीतली गोष्ट. सर डगमगले नाहीत. “आधीच्या पेशंटचं टबात राहिलं असेल.”

एवढं होऊनही रांग हलेना. प्रात्यक्षिकात जोड्या पाडल्या, एक डॉक्टर, एक पेशंट. डॉक्टर व्हायला कुणी तयार नाही! पाऊण तास नुसती विचारपूस करायची होती. माझ्या दवाखान्यात तेवढ्या वेळात दहा खोकले निघतात. एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना “झोप कशी लागते?” एवढंच विचारलं, त्या सासूबाईंपासून सुरू झाल्या आणि जेवणाची पानं मांडली तरी नणंदेपर्यंतच पोचल्या होत्या. असं विचारणारं माणूस त्यांना कधी भेटलंच नसावं. आम्हाला तरी कोण भेटतं?

दुपारी माझा नंबर लागला. पाय टबात सोडून बसले होते, तर रसायनाच्या बाई साडी सावरत आल्या.

“बाई, हे नुसतं गंजाचं पाणी ना?”

“हो तर. पण कोमट आहे. सरका थोडं.”