ध्येयवादी सर

ध्येयवादी सर जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले की त्यांच्या वाट्याला हमखास सातवी येते. जुन्या गुरुजींनी सेवाज्येष्ठतेच्या बळावर गरीब वर्ग आधीच धरून ठेवलेले असतात.

सरांची मालमत्ता मोजकी. खिशात रंगीत खडू, पिशवीत गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ आणि मोबाइलमध्ये उपक्रमशील शिक्षकांचा ग्रुप. नोकरी शिक्षणसेवकाची, म्हणजे तीन वर्षं नुसतं मानधन. २०२३ पर्यंत ते महिना ६,००० होतं, आता १६,००० आहे. वाढलेला पैसा कार्डशीट आणि डिंकाच्या कामी येतो.

पहिल्याच तासाला शांततेचा खेळ. “डोळे मिटा आणि आजूबाजूचे आवाज ऐका.” वर्ग डोळे मिटतो आणि आवाज पुरवतो. कोंबडा, एसटीचा हॉर्न, शेवटी हुबेहूब हेडमास्तरांचा खोकला. शेजारचे गुरुजी दारात येऊन उभे राहतात. सर मात्र खुशीत! ‘दिवास्वप्न’मधल्या शिक्षकाचाही हा खेळ पहिल्या दिवशी असाच फसला होता. म्हणजे सगळं पुस्तकाबरहुकूम चाललंय.

मग साने गुरुजी. अमळनेरच्या छात्रालयात गुरुजी मुलांचा पसारा स्वतः आवरत आणि मुलं ओशाळून कामाला लागत, हे सरांना पाठ. म्हणून एका सकाळी सर हाती केरसुणी घेतात. सातवी ओशाळत नाही. सहकार्य म्हणून पाय तेवढे वर घेते. वर मागच्या बाकावरून आवाज येतो, “सर, त्या कोपऱ्यात राहिलं.”

“एकदा छडी दाखवा हो,” जुने गुरुजी सल्ला देतात. सर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ ऐकवतात. गुरुजी सुस्कारा सोडतात, “कलम आम्हालाही ठाऊक आहे. पण ते सातवीलाही ठाऊक आहे, तिथं घोडं अडतं.”

अखेर शाळेत विस्तार अधिकारी येतात. आदल्या दिवशी खिचडी वाढणाऱ्या मावशींनी बातमी फोडलेली असते: काम पसंत पडलं नाही तर सरांचं काही खरं नाही. मधल्या सुट्टीत मागचा बाक हिशेब मांडतो. हे गेले तर दुसरे येणार. दुसरे कसे असतील कोण जाणे. शिवाय झाडलोट परत आपल्याकडे!

दुसऱ्या दिवशी साहेबांना पाहून सरांच्या हातातला खडू गळून पडतो. अपूर्णांकांचा छेदच सापडेना. तेव्हा कोंबडा काढणारा उभा राहतो. “सर, कालचं मी सांगू?” आणि फळ्यावर गणित सोडवून दाखवतो. एसटीचा हॉर्न शंका विचारतो, खोकलेवाला तिचं निरसन करतो. साहेब थक्क. शेऱ्याच्या वहीत ‘विद्यार्थिकेंद्रित अध्यापन’ अशी नोंद होते.

सरांचे डोळे भरून येतात. त्याच रात्री ते नवोपक्रम स्पर्धेसाठी ‘प्रेमातून परिवर्तन’ हा अहवाल लिहायला बसतात. त्यात प्रेमाचे टप्पे असतात, आलेखही असतो. मावशी मात्र कुठंच नसतात.

वर्ष संपतं. आठवीत जाताना पोरं खालच्या वर्गाला सरांचा रीतसर चार्ज देतात. “कविता शिकवताना रडतात, तेव्हा हसायचं नाही. रोज एक तरी प्रश्न विचारायचा, नाहीतर त्यांना जेवण जात नाही. आणि साहेब आले की छेद तुम्हीच काढायचा.”