इंग्रजीचा सातबारा

ज्या साहेबाने अर्ध्या जगाच्या जमिनी स्वतःच्या नावावर चढवून घेतल्या, त्याच्या भाषेचा सातबारा मात्र पिढ्यान्‌पिढ्या वादात आहे, हे आम्हांला इंग्रजीच्या मास्तरांनी कधी सांगितले नाही. त्यांचा नियम सरळ होता. मालक एक असेल तर अपॉस्ट्रॉफी ‘एस’च्या अलीकडे, मालक अनेक असतील तर पलीकडे. ‘चिल्ड्रन’ अनेक असले तरी त्यांची अलीकडेच. आणि ‘इट’ची मालकी दाखवायची असेल तर चिन्हच नाही, कारण चिन्ह दिले की ‘इट इज’ होते. चुकलात की अर्धा गुण गेला.

आता लंडनला चला. पिकॅडिली लाइनवर अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही लागोपाठची स्टेशने. अर्लच्या पाटीवर अपॉस्ट्रॉफी आहे, बॅरनच्या पाटीवर नाही. एका सरदाराची नोंद झाली, दुसऱ्याचा फेरफार अजून तलाठ्याच्या टेबलावर असावा. लंडनमधल्या सेंट जेम्सच्या बागेला अपॉस्ट्रॉफीनंतर आणखी एक ‘एस’ मिळतो. न्यूकॅसलच्या फुटबॉल मैदानाला त्याच नावात तो मिळत नाही. भाऊबंदकी संतांनाही चुकलेली नाही.

तिथले भाजीवाले मात्र दिलदार. पाटीवर खडूने ‘पोटॅटोज’ लिहिताना ते मध्येच अपॉस्ट्रॉफी ठेवून देतात. अनेकवचनाची षष्ठी होते आणि बटाट्याचे नेमके काय विकायला आहे, हे गिऱ्हाइकाने ओळखायचे. या प्रकाराला ‘ग्रीनग्रोसर्स अपॉस्ट्रॉफी’ म्हणतात. ती एका भाजीवाल्याची की समस्त भाजीवाल्यांची, यावर लिहिणाऱ्यांचे एकमत नाही. (हसू नका. आपल्याकडे एसटीत एकटी बाई चढली तरी ‘एक लेडीज आहे, जागा द्या’ असाच पुकारा होतो.)

लिंकनशायरमधल्या बॉस्टन गावी जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने 2001 साली चक्क अपॉस्ट्रॉफी संरक्षण संस्था काढली. ब्रिस्टलमध्ये एक निनावी गृहस्थ वर्षानुवर्षे रात्री लांब दांडा घेऊन निघे आणि दुकानांच्या पाट्यांवर हवी तिथे अपॉस्ट्रॉफी चिकटवी, नको तिथली झाकून टाकी. अतिक्रमण हटाव पथक इतके नियमित आपण तरी पाहिलेले नाही. पण सरकारदरबारी वारे उलटे होते. 2009 मध्ये बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेने रस्त्यांच्या पाट्यांवरून ती कायमची काढली. 2012 मध्ये वॉटरस्टोन्सनेही संस्थापकाच्या आडनावामागची अपॉस्ट्रॉफी पुसली. आणि हे दुकान पुस्तकांचे, बटाट्यांचे नव्हे. शेवटी 2019 मध्ये, वयाच्या 96व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले असे सांगून रिचर्ड्स यांनी संस्थेला टाळे लावले. पुढे ती दुसऱ्यांनी चालवायला घेतली, म्हणजे वारसनोंद तेवढी वेळेत झाली.

अमेरिकेने हा तंटा मुळातूनच मिटवला. तिथले भौगोलिक नावांचे सरकारी मंडळ 1890 पासून नकाशावरच्या नावांत मालकीची अपॉस्ट्रॉफी सहसा येऊच देत नाही. मार्थाज व्हिनयार्ड या बेटाला 1933 मध्ये ती परत मिळाली. तसे भाग्यवान बोटांवर मोजण्याइतके. एवढी शिस्त कुठून आली म्हणून या देशाची मूळ राज्यघटना पाहावी, तर पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात ‘इट’च्या मालकीला ठसठशीत अपॉस्ट्रॉफी दिलेली आहे. त्या घटनेला आजवर 27 दुरुस्त्या झाल्या. ही त्यांत नाही.