संकटाच्या शोधात कॅप्टन

प्रत्येक ग्रुपमध्ये एक कॅप्टन असतो. तो सैन्यात नव्हता, जहाजावरही नव्हता; बहुतेक वेळा एखाद्या बँकेच्या कर्जवसुली खात्यातून निवृत्त झालेला असतो. ‘पुण्याहून गाड्या काढू, थरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहू’ असं कोणीतरी बोलता बोलता म्हणतं, आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या आधी कॅप्टनची यादी येऊन पडते. पहिल्या क्रमांकावर पाणी, माणशी रोज पाच लिटर. शेवटच्या क्रमांकावर शिट्टी, माणशी एक. मधे फावडी, गाडी ओढायचा पट्टा, टायरची हवा मोजायचं यंत्र, हवा भरायचं यंत्र, होकायंत्र आणि मनोधैर्य. मनोधैर्य कोणी आणायचं, ते लिहिलेलं नसतं.

वाळवंट हे निमित्त. कॅप्टनला हवं असतं संकट. एवढी तयारी केल्यावर ते आलंच नाही, तर सामान वाया गेल्याचं दुःख त्याला होतं.

त्याची पंचाईत अशी, की हल्लीचं थर त्याला काही दादच देत नाही. पालनपूर, सांचोर, बाडमेर करत आम्ही जैसलमेरला पोचलो. सोसायटीच्या फाटकापासून हायवेपर्यंत जेवढे धक्के बसले, तेवढे पुढच्या बाराशे किलोमीटरांत बसले नाहीत. दर थोड्या अंतरावर ढाबा, ढाब्यावर गरम बाजरीची भाकरी आणि केरसांगरीची भाजी. कॅप्टन जेवायचा, पण पडलेल्या चेहऱ्याने.

‘मुख्य रस्ता सहलवाल्यांचा,’ असं म्हणून त्याने काफिला मोहनगढकडे वळवला. तिथे तर घातच झाला. इंदिरा गांधी कालव्याने पार पंजाबातल्या हरिकेपासून सतलज-बियासचं पाणी या रेतीत आणून सोडलंय. क्षितिजापर्यंत मोहरी, हरभरा, मधे ट्रॅक्टर. माणशी पाच लिटरचे कॅन डिकीत डुचमळत असताना शेजारून कालवा दुथडी वाहत होता. काकूंनी, म्हणजे कॅप्टनच्या बायकोने, उतरून हातपाय धुतले. कॅप्टनने काच वर केली.

काफिला म्हणजे तीन गाड्या. त्यांच्यात वॉकीटॉकी. कॅप्टन पहिल्या गाडीत, काकू दुसरीत, कारण ‘नेतृत्व आणि रसद एका वाहनात नसावी’. गाड्या चहासाठी एकमेकींना खेटून उभ्या असतानाही यंत्र खरखरायचं, ‘वाहन क्रमांक दोन, रसदीची स्थिती कळवा. ओव्हर.’ खिडकीतून काकूंचा आवाज यायचा, ‘अहो, काच खाली आहे. चिवडा संपलाय.’

तनोटला मातेचं दर्शन झालं. मंदिराची सगळी व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडे. 1965 च्या युद्धात इथे पडलेले आणि न फुटलेले तोफगोळे काचेच्या कपाटात मांडलेले. कॅप्टन त्या कपाटापुढे बराच वेळ हात जोडून उभा होता. मनात आलं, याला न फुटलेलं संकट म्हणजे काय, ते इथे बरोबर कळलं असणार.

मुक्काम खुरीजवळच्या एका ढाणीवर, म्हणजे रेतीतल्या छोट्या वस्तीवर, मालकाला विचारून. रेतीत तंबूचे खुंटे ठरत नाहीत. ओढ बसली की सुळकन वर येतात. कॅप्टनने पिशव्यांत रेती भरली, दोऱ्या त्यांना बांधल्या आणि पिशव्या हातभर खोल पुरल्या. रात्री वारा सुटला तेव्हा तंबू जागचा हलला नाही. डिसेंबरचा गारठा कानशिलं गोठवत होता, आम्ही तीन-तीन स्वेटरांत गुरफटलो होतो, आणि शेकोटीच्या उजेडात कॅप्टन लोंगेवालाची लढाई समजावत होता. वाळूत ठेच्याची बाटली म्हणजे मेजर चांदपुरींची चौकी, शंभर-सव्वाशे जवान. समोर शेंगा म्हणजे रणगाडे, 4 डिसेंबर 1971 ची रात्र. ‘रस्ता सोडून बाजूच्या मऊ रेतीत उतरले आणि रुतून बसले! पहाट झाल्याबरोबर जैसलमेरहून हंटर विमानं आली, उघड्यावर सापडलेल्यांना टिपलं. बोध काय, मंडळी? रेतीत कधीही घाईने रस्ता सोडू नये.’ मग त्याने शत्रूचे रणगाडे सोलून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याने रस्ता सोडला.

ढाणीच्या मालकाने सांगून पाहिलं होतं. ‘गाडी यहीं छोड़ दो सा, पैदल दस मिनट का धोरा है. चढ़ानी ही है तो सुबह चढ़ाना, ठंडी में रेत जमी रहती है.’ कॅप्टन म्हणाला, ‘धन्यवाद,’ आणि गिअर टाकला. धोऱ्याच्या, म्हणजे वाळूच्या टेकडीच्या, पोटाशी गाडीने एक आचका दिला, चाकं जागच्या जागी फिरली आणि मागची बाजू आसापर्यंत खाली गेली.

काय सांगू! कॅप्टनच्या चेहऱ्यावर प्रवासात पहिल्यांदा हसू फुटलं. यंत्रातून आवाज आला, ‘कोणीही घाबरू नये. ओव्हर.’ कोणी घाबरलंच नव्हतं. अर्धी मंडळी फोटो काढत होती. पण त्यानंतर त्याने जे केलं, त्यात एकही हालचाल वाया गेली नाही. टायरची हवा 34 वरून 18 वर आणली, म्हणजे चाक पसरतं आणि रेतीवर जास्त जागा धरतं. पोटाखालची रेती उपसली. जॅक लावला, तर गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जाऊ लागला. त्याच्याखाली द्यायची फळी पुण्यात पार्किंगमध्ये राहिली होती. कॅप्टनने इकडेतिकडे पाहिलं आणि काकूंचा शिसवी पोळपाट उचलला. चाकाखाली रुईच्या फांद्या दिल्या, मागून पट्ट्याने ओढ दिली आणि गाडी उलट्या पावली बाहेर आली. ढाणीच्या मालकानेही मान डोलावली.

पोळपाट मात्र दुभंगला. काकूंनी दोन्ही तुकडे नवऱ्यापुढे ठेवले. ‘घ्या. आता पोळ्या जॅकवर लाटा. ओव्हर.’

त्या संध्याकाळी सगळ्यांनी खिचडी खाल्ली आणि कॅप्टनने दोनदा मागून घेतली.

तेव्हा तुम्ही वाळवंटात निघालात, तर असा माणूस बरोबर जरूर न्या. गाडी रुतली तर तोच बाहेर काढेल. फक्त धोरा दिसला, की गाडीची किल्ली काकूंच्या पर्समध्ये ठेवा. मग त्याची गरजच पडणार नाही.