एररवाले भाऊ

1954 साली सुधीर फडक्यांसारखी मराठी माणसं सिल्वाशात आली ती पोर्तुगीजांना हाकलायला. एररवाले भाऊ आले ते नोकरीला. करसवलतीच्या दिवसांत मसाट, रखोली, खडोलीला पॉलिस्टर धाग्याचे कारखाने उभे राहिले आणि धुळे-जळगावकडचा एकेक भाऊ प्रत्येक कारखान्याच्या कॉम्प्युटरशी जुंपला गेला. टॅली, सीसीटीव्ही, प्रिंटरची शाई, शेठच्या नातवाचा मोबाइल, सगळं त्यांच्याच गळ्यात. जीव मात्र जडलेला वेबसाइटच्या एरर मेसेजवर.

धाग्याच्या भावाचं पान का कोसळलं, हा भाऊंच्या लेखी फुटकळ प्रश्न. ते कोसळल्याचं भिवंडी-इचलकरंजीच्या पार्टीला सांगायचं कोणत्या शब्दांत, हा खरा. म्हणून त्यांचा मेसेज ‘क्षमस्व’वर भागत नाही, त्यात कळावे, लोभ असावा, सगळं येतं. त्यालाही कारण आहे. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररची खोड अशी, की एररचं पान 512 बाइटांहून मोठं नसेल तर ते दडपून तो स्वतःचंच पान दाखवायचा. तेव्हापासून भाऊंनी दिलगिरी कधी आटोपती घेतली नाही. शिवाय देवनागरीतलं अक्षर यूटीएफ-8मध्ये तीन बाइट खातं, तेव्हा माफी मागावी ती मराठीतच, लवकर भरते, असं त्यांचं ठाम मत.

एवढं सजवलेलं पान भाऊंना स्वतःला मात्र दिसेना. लाल अक्षरं आणि पिवळ्या चौकटीत कोडची कुंडली तेवढी समोर. अर्धा दिवस त्यांनी वेब.कॉन्फिग ही सेटिंगची फाइल उलटीपालटी केली. दोष कुठेच नव्हता. सेटिंग होतं ‘रिमोटओन्ली’: बाहेरच्याला माफी, सर्व्हरवर बसलेल्याला पंचनामा, आणि भाऊ बसले होते सर्व्हरवरच! अखेर गेटवरच्या वॉचमनकाकांच्या मोबाइलवर ते पान उघडलं. काकांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, “कोण वारलं?”

पुढची भानगड सचोटीची. माफीच्या पानावर वळवताना सर्व्हर ब्राउझरला शेवटी 200 हा आकडा देत होता, म्हणजे सर्व क्षेमकुशल. कोसळलेलं पान गूगलच्या दप्तरी ठणठणीत! भाऊंना हे खोटं सोसेना. त्यांनी खरा आकडा, 500, पाठवला. तशी आयआयएसनं, म्हणजे सर्व्हरच्याच सॉफ्टवेअरनं, भाऊंचं पान बाजूला सारून आपलं कोरडं इंग्रजी पान पुढे केलं. खोटं बोललं तर माफी दिसते, खरं बोललं तर जाते. (असा पेच आपल्याकडे नवरेमंडळींना ठाऊक असतो, सर्व्हरला असेल असं वाटलं नव्हतं.) शेवटी ‘पासथ्रू’ नावाची एक ओळ घातली आणि 500ही पोचला, माफीही दिसली.

भाऊ पेढे घेऊन केबिनमध्ये शिरले. शेठनी पेढा तोंडात टाकत विचारलं, “साइट चालू थई गई?”

“साइट बंदच आहे, शेठ. पण एरर आता एकदम बरोबर येतेय.”