आडतीतल्या कॉम्प्युटरला वळण कसे लावावे

भालकीच्या आडतीत तुरीचा हिशेब एक्सेलात ठेवणाऱ्या होतकरू मुनिमाने आधी ऑल्ट धरून एफ11 दाबावे. व्हीबीए एडिटर उघडतो. लगेच कोड लिहावासा वाटेल. तो मोह आवरावा. आधी टूलबार.

व्ह्यू, टूलबार्स, कस्टमाइज. कमांड्समध्ये एडिट निवडून ‘कमेंट ब्लॉक’ ओढत वर आणावे. त्यावर राइट क्लिक करून नावाच्या पुढ्यात & हे चिन्ह घालावे आणि ‘इमेज अँड टेक्स्ट’ करावे. मग ऑल्ट-सी दाबले की निवडलेल्या वीस ओळी एका दमात गप्प बसतात. बटणाचे चित्रही बदलता येते. मी हसरे तोंड लावले. यात एक दुपार जाते. बाहेर काट्यावर पोती चढत असतात, चढू द्यावीत.

आता मर्यादा. क्विंटल आणि दर, दोन्ही ‘इंटेजर’मध्ये ठेवावेत. चार क्विंटल, दर 8000, बिल 32,000: सावकार खूश. दर 8200 झाला की गुणाकार 32,800 होतो, इंटेजरची धाव 32,767 पर्यंतच, आणि पडद्यावर ‘ओव्हरफ्लो’ येते.

“ओव्हरफ्लो म्हंजे? कुठं सांडलं रे?” सावकार पोत्यांकडे बघत विचारतात.

बिलाची रक्कम ‘लाँग’मध्ये घेतली तरी उपयोग नाही, गुणाकार आधीच सांडलेला असतो. क्विंटल आणि दरच लाँग करावेत. अर्धा क्विंटल आला, तर डबल.

खरी गंमत भाषेची. 1956 साली उदगीर मुंबई राज्यात गेले, भालकी म्हैसूर राज्यात, आणि तेव्हापासून पाटी कोणत्या भाषेत यावर इथे घसे बसले आहेत. या एडिटरने तो वाद केव्हाच मिटवला. त्यात ‘तूर’ लिहा, प्रश्नचिन्हे उमटतात. ‘तोगरी’ कन्नडात लिहा, तरी प्रश्नचिन्हेच. एवढा निःपक्षपाती कारभार सीमाभागात मी दुसरा पाहिलेला नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे शब्द शीटच्या खान्यात लिहून कोडने तिथून उचलावा. पण सोपे उपाय मुनिमाला शोभत नाहीत. त्याने सीएचआरडब्ल्यू वापरून आकड्यांनी अक्षरे जुळवावीत. तूर म्हणजे 2340, 2370, 2352. पाठ करून ठेवा. कन्नडवाल्यांनी 3200 च्या पुढे शोधावे.